प्लेस्टेशनवरचं स्टिअरिंग किती अंश फिरू द्यायचं: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

लॉजिटेकचं जी२९, म्हणजे गाड्यांच्या खेळांसाठीचं माझं स्टिअरिंग चाक, आज टेबलावरून निघून लोखंडी स्टँडवर गेलं. चौकोनी पाइप कापून, वेल्ड करून घेतलेला स्टँड आहे. जोरात ब्रेक दाबला तरी जागचा हलत नाही. पाया पक्का झाला, त्यामुळे बरेच दिवस मनात असलेलं काम आता सुरू करता येईल. माझ्याकडच्या प्रत्येक खेळात हे चाक किती अंश फिरायला हवं ते मोजायचं, ठरवायचं आणि एका कागदावर लिहून भिंतीला लावायचं.

निमित्त भाच्याचं. तो आतापर्यंत गेमपॅडवर खेळत आलाय. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा चाकावर बसला आणि म्हणाला, "मामा, एका खेळात गाडी वळतच नाही, आणि दुसऱ्यात नुसता हात लागला तरी घुमते. चाक तर तेच आहे ना?" प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं नीट उत्तर त्याला द्यायचं आहे.

मूळ मुद्दा आजच लिहून ठेवतो. जी२९ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश फिरतं, म्हणजे अडीच फेरे. मधोमध धरलं तर दोन्ही बाजूंना सव्वा सव्वा. पण चाक कन्सोलला अंश कळवत नाही. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंतच्या पट्ट्यात आपण आता कुठे आहोत, एवढंच कळवतं. त्या पट्ट्याचा अर्थ किती अंश हे खेळ स्वतःच्या समजुतीने ठरवतो. खेळाची समजूत आणि चाकाची वस्तुस्थिती जुळली तर हात आणि गाडी एकत्र चालतात. जुळली नाही तर भाच्याला आला तसाच अनुभव येतो.

संगणकावर हे सोपं असतं. लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन चाकाची फिरत कमी करता येते. प्लेस्टेशन ५ वर ते सॉफ्टवेअर नाही, आणि जी२९ वर इतकी बटणं असूनही फिरत बदलणारं बटण एकही नाही. लाल गोल खटका आहे, पॅडल आहेत, पीएस३ आणि पीएस४ मधला सरकता स्विच आहे, पण अंशांवर हुकमत खेळाची. म्हणून प्रत्येक खेळ वेगळा तपासणं भाग आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुट्टी. बाहेर पतंग चालू होते, आम्ही घरात पुठ्ठा कापत बसलो.

चाकाच्या मागे, मोटरच्या डब्याभोवती बसेल अशी पुठ्ठ्याची गोल तबकडी केली. कंपासपेटीतला कोनमापक घेऊन भाच्याने दर १० अंशांवर खूण केली, ९०, १८० आणि २७० ला जाड रेघ. चाकाच्या कडेवर बरोबर बारा वाजण्याच्या जागी पिवळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. चाक एका फेरीपेक्षा जास्त फिरतं, तेव्हा ३६० ओलांडलं की तोंडाने "एक" म्हणायचं आणि पुढचे अंश त्यात मिळवायचे. कामाला पुरेशी अचूक मोजणी होते.

वीज दिली की जी२९ स्वतःहून एका टोकाला जातं, मग दुसऱ्या, आणि मध्ये येऊन थांबतं. दोन्ही टोकं शोधून ते मध्य ठरवतं. या वेळात चाकाला हात लावू नये, मांडीही टेकू देऊ नये. मध्य सरकला तर पुढची सगळी मापं वाया जातात. टेप बारावर येऊन थांबते याची खात्री केली. दोन्ही बाजूंना ४५० मिळाले.

१८ जानेवारी, शनिवार

असेट्टो कोर्सा काँपिटिझिओने हा शर्यतीचा खेळ. मुद्दाम यापासून सुरुवात केली, कारण यात जीटी३ गाड्या (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांची शर्यतीची रूपं) आहेत आणि प्रत्येक गाडीला तिचा स्वतःचा लॉक, म्हणजे स्टिअरिंगची टोकापासून टोकापर्यंतची फिरत, दिलेला आहे. चालकाच्या जागेवरून पाहिलं की पडद्यावरचं स्टिअरिंगही खरोखर तेवढंच फिरतं. मोजायला यापेक्षा चांगली जागा नाही.

कंट्रोलच्या पानावर स्टिअर लॉक नावाची पट्टी आहे. ती ९०० वर ठेवली, कारण हातातलं चाक ९०० चं आहे. या पट्टीचा अर्थ "मला गाडी किती अंशांची हवी" असा बऱ्याच जणांना वाटतो. तिचा खरा उपयोग खेळाला हातातल्या चाकाची माहिती देण्याचा आहे. गाडीचा लॉक खेळाला ठाऊकच असतो.

फेरारी ४८८ जीटी३ घेतली, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, उभी ठेवली. टेप ९० वर नेली, पडद्यावरचं स्टिअरिंग ९० वर. १८० वर नेली, तेही १८० वर. भाचा पडद्याजवळ उभा राहून सांगत होता, मी तबकडी पाहत होतो. २४० च्या पुढे मी फिरवत राहिलो, पण पडद्यावरचं स्टिअरिंग थांबलं. या गाडीचा पूर्ण लॉक ४८० आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला २४०. जुळलं.

मग लँबोर्गिनी हुराकान: ६२०, बाजूला ३१०. बेंटली काँटिनेंटल: ६४०, बाजूला ३२०. ऑडी आर८: ७२०, बाजूला बरोबर एक पूर्ण फेरी. पोर्शे ९९१ जीटी३ आर: ८००, म्हणजे बाजूला फेरी पूर्ण करून आणखी ४०. एकाच शर्यतीत शेजारी शेजारी धावणाऱ्या गाड्यांत एवढा फरक. पोर्शे चालवताना हाताला काम जास्त आणि स्टिअरिंग सावकाश, फेरारीत थोड्याशा हालचालीत बरंच. हा त्या गाड्यांचा स्वभाव आहे. सगळ्या गाड्या एकसारख्या लागाव्यात म्हणून खेळणारे फिरत कमी करून टाकतात, तेव्हा हा फरक पुसला जातो. मला तो हवा आहे, त्यासाठीच तर ही गाडी सोडून ती गाडी निवडायची.

एक उलट प्रयोग मुद्दाम केला. पट्टी ४८० वर आणली, फेरारीचाच आकडा. चाक मात्र ९०० फिरतंच आहे. आता टेप ९० वर असताना पडद्यावरचं स्टिअरिंग पन्नाशीच्याही आत राहिलं. हिशेब तोच सांगतो: ९० ला ४८० ने गुणा, ९०० ने भागा, उत्तर ४८. गाडीचा आकडा वाचून तोच पट्टीवर ठेवणाऱ्याला गाडी जड आणि आळशी का वाटते, ते इथे डोळ्यांनी दिसलं. पट्टी परत ९०० वर.

संध्याकाळी खेळातल्या बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फेऱ्या मारल्या. ला सूर्सचं पहिलं हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणारं वळण, घेतानाही फेरारीत टेप अर्ध्या फेरीच्या आसपासच राहिली. घड्याळातल्या तीनला आणि नऊला धरलेले हात कुठेच सोडावे लागले नाहीत. जीटी३ गाडीला लांबलचक लॉक असला तरी शर्यतीत त्यातला मधला भागच वापरला जातो; उरलेला पिटमधून निघायला आणि गाडी उलटी फिरली तर सावरायला.

२२ जानेवारी, बुधवार

ऑफिसातून येऊन फक्त एक गोष्ट मोजली. आमच्या घरच्या हॅचबॅकचं स्टिअरिंग, इंजिन चालू ठेवून, पार्किंगमध्ये. टोकापासून टोकापर्यंत साडेतीन फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे साधारण १२६० अंश. रस्त्यावरच्या गाडीला एवढी फिरत लागते. हमरस्त्यावर वेगात असताना हाताच्या बारीक हालचालीने गाडी लेन सोडता कामा नये, आणि गल्लीत वळवताना पुढची चाकं भरपूर वळायला हवीत. दोन्ही गरजा एकाच दांड्यातून भागवायच्या तर फेरे वाढतात. म्हणून जी२९ चे ९०० ऐकायला खूप वाटले तरी साध्या गाडीसाठी ते थोडे कमीच आहेत.

२६ जानेवारी, रविवार

एफ१ २३, फॉर्म्युला वनचा खेळ. यात मोजणी सर्वांत सोपी, कारण गाडीची पुढची चाकं उघडी असतात आणि बसल्या जागेवरून दिसतात.

कंट्रोलमध्ये चाकाच्या कमाल फिरतीची वेगळी पट्टी आहे. ती ३६० वर ठेवली आहे आणि तिथेच राहील. फॉर्म्युला वनच्या गाडीत चालक हात स्टिअरिंगवरून उचलत नाही. त्याच्या बोटांखाली गिअरचे पॅडल, क्लच, रेडिओ, कितीतरी खटके असतात, आणि स्टिअरिंग गोल नसून चपटं असतं. प्रत्येक बाजूला १८० अंश म्हणजे दोन्ही हात एकमेकांवर तिढा पडेपर्यंत; त्यापुढे माणसाला जाताच येत नाही. गाडी त्या मर्यादेत बसवलेली असते.

इथे ९०० ठेवून पूर्ण ९०० ला पूर्ण लॉक दिला तर ९० अंश हात फिरवल्यावर गाडीला ३६ च मिळतात. "गाडी वळतच नाही" ती अशी. आणि याच्या विरुद्ध टोकही समजून घेण्यासारखं आहे. प्लेस्टेशन २ च्या काळात चाकं २०० अंशांच्या आसपास फिरायची. १०० डावीकडे, १०० उजवीकडे, बस. त्यावर रस्त्यावरची ९०० अंशांची गाडी चालवली तर ९० अंश हाताला गाडीचं स्टिअरिंग ४०५ फिरायला हवं. म्हणजे सरळ रस्त्यावर शिंक आली तरी गाडी कठड्याला. लॉजिटेकचं ड्रायव्हिंग फोर्स प्रो हे चाक आलं तेव्हा ९०० अंश ही मोठी गोष्ट होती, आणि डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये निघालेल्या ग्रान टुरिस्मो ४ मध्ये त्या ९०० चा खरा उपयोग झाला. ज्या खेळांना ९०० ठाऊकच नव्हते त्यांच्यासाठी ते चाक २०० मध्ये चालायचं. आज आपण प्रत्येक खेळात हे सेटिंग शोधत बसतो, त्याचं मूळ त्या काळात आहे.

मोनॅकोला गेलो. ग्रँड हॉटेलचं हेअरपिन हे फॉर्म्युला वनच्या वर्षभरातलं सर्वांत मंद वळण. खऱ्या संघांनाही मोनॅकोसाठी पुढच्या सस्पेन्शनमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये बदल करून जास्तीचा लॉक मिळवावा लागतो. खेळातही टेप जवळजवळ सहाच्या जागी पोचली, आणि समोरचा टायर पूर्ण वळलेला दिसला. भाच्याने पहिल्यांदाच ते वळण कठडा न घासता घेतलं. त्याने हात न सोडता घेतलं, हे मला जास्त आवडलं.

कंट्रोलमध्ये सॅचुरेशन आणि लिनिअरिटी अशा आणखी दोन पट्ट्या असतात. लिनिअरिटीने मध्याजवळची हालचाल मऊ होते आणि टोकाकडची तीव्र. गेमपॅडच्या छोट्या काडीसाठी हा उपाय योग्य आहे, चाकासाठी मला अजिबात मान्य नाही. पहिल्या ३० अंशांना एक अर्थ आणि पुढच्या ३० ना दुसरा असेल तर हाताने शिकायचं काय? ती तटस्थ जागेवर ठेवायची. सॅचुरेशनने कमी फिरवूनही पूर्ण लॉक मिळतो. फिरतीची पट्टी नसलेल्या खेळात तो एक मार्ग उरतो. पण तिचा आकडा वाढवल्याने काय होईल हे प्रत्येक खेळाच्या पट्टीखालचा खुलासा वाचूनच ठरवावं, आणि लगेच तबकडीवर पाहावं.

१ फेब्रुवारी, शनिवार

ग्रान टुरिस्मो ७. फिरतीचा आकडाच नाही. फोर्स फीडबॅकचा, म्हणजे मोटर चाकातून हाताला देते त्या दाबाचा, जोर आणि संवेदनशीलता बदलता येते, अंश नाही. चाक ओळखलं की गाडीप्रमाणे किती फिरायचं ते खेळ स्वतः पाहतो. सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट आणि जपानच्या सुपर फॉर्म्युला शर्यतींची एसएफ१९ पाठोपाठ चालवून पाहिली. स्विफ्टला भरपूर हात मारावा लागतो, एसएफ१९ मध्ये हात जागचे हलत नाहीत. इथे काही करायचं नाही, एवढंच कागदावर लिहिलं. ज्याला या कटकटीत पडायचंच नाही त्याने या खेळापासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

डर्ट रॅली २.०, आणि दिवसभराचं काम.

यात सॉफ्ट लॉक नावाचं सेटिंग आहे. चालू केलं की निवडलेल्या गाडीचा लॉक आला की मोटर चाकाला अडवते. चाक आतून अजून फिरू शकतं, पण भिंत लागल्यासारखा दाब हाताला जाणवतो. हे असलं की तबकडीची गरजच उरत नाही. प्रत्येक गाडीचं टोक हाताला कळतं. जी२९ च्या गिअरवरच्या मोटरी फार ताकदवान नाहीत, जोर लावला तर ती भिंत ओलांडता येते. ओलांडायची नाही. तिथे दाब लागला की थांबायचं, ही सवय लावायची.

जुनी मिनी कूपर आणि फोर्ड फिएस्टा आर५ आलटून पालटून चालवल्या. नव्या रॅली गाडीचा लॉक ५४० च्या जवळपासचा असतो, प्रत्येक बाजूला पाऊण फेरी. जुन्या गाडीत हात भरपूर फिरवायला लागतात. आर्जेन्टिनाचे टप्पे अरुंद, दोन्हीकडे दगड आणि एकामागून एक हेअरपिन. तिथे मिनीत हातावर हात टाकत चाक ओढावं लागलं, फिएस्टात एका झटक्यात काम झालं. भाचा दमला आणि हसत म्हणाला, "मामा, हे तर व्यायाम आहे." जुन्या काळी चालक असंच करायचे.

रॅलीत मी नियमाला एक अपवाद मान्य करतो. गाडी घसरली की उलटं स्टिअरिंग द्यायचं, आणि ते झटपट द्यायचं. खऱ्या गाडीत हात सैल सोडले तर पुढची चाकं स्वतःच घसरण्याच्या दिशेने वळतात आणि स्टिअरिंग हातातून सरकत फिरतं. जी२९ ची मोटर तेवढ्या वेगाने चाक फिरवू शकत नाही. फिरायचं अंतर जास्त असेल तर मोटर मागे पडते आणि गाडी तोवर आडवी झालेली असते. म्हणून जुनी मागच्या चाकांवर चालणारी गाडी घसरवत चालवायची असेल, तर ९०० ऐवजी ५४० ते ६०० च्या दरम्यान ठेवण्यात शहाणपण आहे. ड्रिफ्ट करणारे बरेच जण हेच करतात. चाकाच्या मोटरीची मर्यादा झाकण्यासाठी केलेली ही तडजोड आहे. ताकदवान मोटरीच्या चाकावर तिची गरज पडणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

भाच्याचा मित्र त्याचं थ्रस्टमास्टर टी३००आरएस घेऊन आला. हे चाक १०८० अंश फिरतं आणि त्याची फिरत चाकावरूनच बदलता येते: मोड बटण दाबून ठेवायचं आणि दिशांच्या बटणावर डावं किंवा उजवं दाबायचं. दिवा किती वेळा लुकलुकतो त्यावरून कळतं: एकदा २७०, दोनदा ३६०, तीनदा ५४०, चारदा ९००, पाचदा १०८०. कन्सोलवाल्यांसाठी ही फार मोलाची सोय. फॅनाटेकच्या चाकांवरही एसईएन नावाचं सेटिंग असतं, आणि ते ऑटोवर ठेवलं की खेळ सांगेल ती फिरत चाक घेतं.

त्याची तक्रार अशी होती की काँपिटिझिओनेमध्ये गाडी वेडीवाकडी पळते. दिवा पाहिला: तीन वेळा. चाक ५४० वर, खेळातली पट्टी ९०० वर. म्हणजे हाताचे ९० अंश खेळाला १५० वाटत होते. चाक ९०० वर आणलं, पट्टी होती तिथेच ठेवली, आणि तबकडीवर ९० ला ९० जुळले. तो दहा मिनिटं नुसता स्पाला फिरत राहिला, गप्प. मग म्हणाला, "काका, ही गाडी अशी आहे होय!"

दोन्ही ठिकाणी फिरत बदलली की ती एकमेकांवर चढते. म्हणून चाकावर ज्याला सोय आहे त्याने आधी चाकाचा आकडा पक्का करावा, मग खेळात तोच आकडा कळवावा, आणि नंतर गाडीचं गाडीवर सोडावं. एफ१ सारख्या खेळात जिथे सगळ्याच गाड्या एका मापाच्या आहेत तिथे चाकच ३६० वर आणलं तरी चालतं; पण मग खेळातली पट्टी आणखी कमी करू नये.

१६ फेब्रुवारी, रविवार

तबकडी काढून ठेवली, भिंतीवर कागद लावला. काँपिटिझिओने: पट्टी ९००, गाडी बदलली तरी हात लावायचा नाही. एफ१ २३: ३६०, लिनिअरिटी आणि सॅचुरेशन मूळ जागी. ग्रान टुरिस्मो ७: काहीच नाही. डर्ट रॅली: सॉफ्ट लॉक चालू, घसरवायच्या गाडीला कमी फिरत. खाली भाच्याच्या अक्षरात तपासणीची पद्धत: चाक सुरू होताना हात दूर, टेप बारावर, ९० वर न्या, पडद्यावरचं स्टिअरिंग पाहा.

त्यात एक ओळ मी वाढवली. काही खेळांत पडद्यावरच्या चालकाचे हात ९० अंशांपुढे फिरवलेलेच नसतात. ते नुसतं चित्र असतं, गाडी आतून पूर्ण वळत असते. अशा खेळात पडद्यावरच्या स्टिअरिंगवर विश्वास न ठेवता बाहेरचा कॅमेरा किंवा रिप्ले लावून पुढचे टायर पाहावेत. चाक सावकाश फिरवत जायचं आणि टायर वळायचे थांबले की टेप कुठे आहे ते लिहायचं. तोच त्या गाडीचा लॉक.

भाच्याची बारावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये जीटी४ गाड्यांची मापं घ्यायची आहेत. कागदावर त्यांच्यासाठी जागा रिकामी ठेवली आहे.